बिनप्रार्थनेचा घास

बाबांनी पाव मोडला, सूपमध्ये बुडवला आणि तोंडात घातला. झालं ते एवढंच. पण मी समोर डोळे मिटून, हात जुळवून बसले होते, आणि प्रार्थनेऐवजी कानावर आला तो चावण्याचा आवाज. मी एक डोळा उघडला. लहानपणी असा एक डोळा उघडून बघायची मला सवय होती आणि त्यापायी आईचे भरपूर चिमटे खाल्लेत. बाबा खाली मान घालून खात होते, अगदी शांतपणे, हनुवटीवर सूपचा थेंब. खरं सांगू? आधी वाटलं, चला, आज सूप गरम मिळणार. कारण बाबांची प्रार्थना म्हणजे साधंसुधं काम नव्हे. आजारी, प्रवासातले, तुरुंगातले, विधवा, पोरकी पोरं, राज्य करणारे, सगळे एकेक करून टेबलावरून जायचे, आणि ते जाईपर्यंत सूपवर साय धरायची. आई म्हणायची, देवाला सगळं ठाऊक असतं, याद्या कशाला वाचून दाखवता, पण हळूच म्हणायची, पाळकाची बायको होती ना. हे सगळं आठवून मला हसू येणारच होतं, तेवढ्यात लक्षात आलं, जन्मापासून या माणसाला प्रार्थनेवाचून घास घेताना मी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात सलाईन लावलेलं असतानासुद्धा औषधाच्या गोळीआधी ओठ हलवणारा माणूस! मी जुळवलेले हात टेबलाखाली नेले, जणू माझंच काहीतरी चुकलं होतं, आणि चमचा उचलला.

विसरले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. वय झालंय, विसरतात माणसं. पण रात्रीच्या जेवणालाही तेच, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबरही तेच. मग माझ्यातली दवाखान्यातली बाई जागी झाली. म्हटलं, लकवा तर मारला नाही ना? "बाबा, जरा हसून दाखवा." "का? काय विनोद झाला?" "दोन्ही हात वर करा बघू." "पोलीस आलेत का?" तोंड वाकडं नाही, हात खाली पडत नाही, बोलणं स्वच्छ. माझ्यापेक्षा जास्त शुद्धीवर होते. बरं, विचारावं तरी कसं? तुम्ही प्रार्थना करायला विसरलात का, हे बाबांना विचारायचं म्हणजे माशाला पोहायला विसरलास का म्हणून विचारण्यासारखं. आमच्या घरात प्रार्थनेबद्दल प्रश्न विचारायची रीतच नव्हती. एकदा एकाने विचारला होता आणि त्यातून काय झालं ते मी चांगलं बघितलंय. म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे भांडी आपटत राहिले.

मी एक्स-रे काढते. दिवसभर तळघरातल्या खोलीत, शिशाचा एप्रन घालून, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. लोक माझं सगळं ऐकतात. इतकं मुकाट्याने माझं दुसरं कुठे कोणी ऐकत नाही. त्या आठवड्यात मात्र एका बाईला श्वास धरायला सांगितला आणि सोडा म्हणायचंच राहिलं, ती बिचारी लालबुंद होऊन काचेतून माझ्याकडे बघतेय. समोरच्या पडद्यावर तिच्या फासळ्या होत्या आणि मला दिसत होत्या बाबांच्या. त्यांचा फोटो मीच काढला होता, थोडे दिवस आधी, जिना चढताना दम लागतो म्हणून. हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा मोठी असू नये, असं आम्हाला शिकवतात. बाबांची केवढी तरी मोठी होती, डावीकडे पसरलेली, सुजलेली. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि नेहमीचं गोडगोड काही बोलला नाही, कारण मला फोटो वाचता येतो हे त्याला ठाऊक. "घरीच ठेवा, जपा," म्हणाला. म्हणजे थोडे दिवस. बाबांना मी फारसं सांगितलं नाही, पण त्यांनी माझं तोंड वाचलं असणार. माझ्या जिवाला घोर लागला होता तो एकाच गोष्टीचा, आणि ती मरणाची नव्हती. मरण सगळ्यांनाच आहे. घोर हा, की दादा त्या टेबलाशी बसायच्या आत बाबा गेले तर काय करायचं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. टेबल तेच, अजूनही तेच. तो कॉलेजात जायला लागल्यावर एके दिवशी बाबा प्रार्थनेला लागले आणि दादाने डोळे मिटलेच नाहीत. मी आपली एका डोळ्याने बघतेय, तर तो उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसला. बाबांना कळलंच. प्रार्थना मध्येच थांबवून म्हणाले, "डोळे मीट." दादा म्हणाला, "बाबा, मला नाही पटत हे. तुम्ही करा, मी थांबतो. पण मी मिटणार नाही. ढोंग होईल." आवाज चढवून नाही, उर्मटपणे नाही, मीठ दे म्हणावं तसं म्हणाला. बाबा उठले नाहीत, ओरडले नाहीत. "मग या टेबलाशी बसायचं नाही," एवढंच. दादाने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्याने जेवला. त्या दिवसापासून रोज तसंच. आईने एक शब्द काढला नाही, पण एक स्टूल तिथे नेऊन ठेवलं. तो त्या स्टुलावर कधीच बसला नाही. मी चार घास गिळायची, पाणी प्यायचं निमित्त काढायची आणि आत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहायची. तो ताट धरलेला हात माझ्या डोक्यावर टेकवायचा. मग एक दिवस त्याचं ताटच निघालं नाही, तो घर सोडून गेला होता. चर्चच्या मंडळीतूनही त्याचं नाव कमी झालं, आणि ते कमी करणारा पाळक कोण तर आमचेच बाबा, दर रविवारी वेदीसमोर उभं राहून हरवलेल्या मेंढराची गोष्ट इतकी रंगवून सांगणारे की बायका पदराने डोळे पुसायच्या. दादा काही लांब गेला नव्हता. याच शहरात आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, आम्ही दोघं अधूनमधून दवाखान्याजवळच्या कॅन्टीनमध्ये भेटतो. बाबांना ते ठाऊक आहे. मी उशिरा घरी आले की ते विचारतात, "भूक नसेल ना तुला?" आणि मी नाही म्हणते. त्याच्याविषयी आमच्यात झालेलं बोलणं म्हणजे इतकंच.

शेवटी मी नव्या पाळकसाहेबांना सांगून बसले. तरुण आहेत, बाबांचा मान ठेवतात. मला वाटलं, एकटे येतील, हळूच बोलतील. कसलं काय! रविवारी उपासना सुटली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. पुढे भोंगाकाकू. महिला मंडळाच्या प्रमुख. हे नाव दादाने लहानपणी ठेवलेलं, आणि मनातल्या मनात मी अजून तेच वापरते. सगळी माणसं मनाने चांगली. कोणी फळं आणली होती, कोणी बाबांचे पाय चेपायला बसली. भोंगाकाकूंनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि देवाला हाक मारली: प्रभू, तुझा हा म्हातारा सेवक वाट चुकलाय, त्याला परत आण, त्याचं कठीण झालेलं मन मऊ कर. त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं. मी बाबांकडे बघत होते. हेच शब्द, असाच खांद्यावर हात, किती घरांत बाबांनी स्वतः ठेवला असेल. दारुड्यांच्या, नवरा सोडून गेलेल्या बायकांच्या, चर्चला यायचे बंद झालेल्या पोरांच्या खांद्यांवर. आज पहिल्यांदा तो हात त्यांच्या अंगावर होता. ते मान खाली घालून बसले होते, डोळे उघडे, आणि काकूंच्या हाताच्या भाराने त्यांचा तो बारीक झालेला खांदा एका बाजूला कलला होता. मला इतकी लाज वाटली की उठून त्या सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. आमेन झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "साहेब, मनाला बरं वाटतंय का?" बाबा म्हणाले, "खांदा दुखला थोडा. तुम्ही सगळे चहा घेणार ना?"

पेले धुऊन मी बाहेर आले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माझं, त्यांना सांगायला नको होतं. पण तुम्ही तरी सांगा ना, काय झालंय तुम्हाला?" त्यांनी खिडकीची कडी नीट लावली. मग म्हणाले, "ती मेंढराची गोष्ट आहे ना, ती मी आयुष्यभर सांगितली. मेंढपाळ सगळा कळप सोडून रानात जातो. मी गेलो का गं कधी? मी दारात उभा राहून हाका मारल्या. आत ये, डोळे मीट, मग जेव." मी खाली त्यांच्या पायाशी बसले. "फोटो काढलास त्या दिवशी तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, आता जायला हवं. बघावं तरी, तो जिथे आहे तिथे कसं वाटतं. नुसतं अन्न समोर ठेवून बसल्यावर, कोणाला काही न म्हणता." "म्हणून फक्त जेवणाची प्रार्थना सोडलीत?" "सगळ्याच सोडल्या. सकाळची, रात्रीची. एक पाय घरात ठेवून कोणी रानात जातं का?" मला हसावं की रडावं कळेना. म्हातारपणी हा कसला हट्ट! मी म्हटलं, "आणि देव? त्याला काय वाटेल?" त्यावर बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला नको होतं. घाबरलेले होते ते डोळे. "आधी वाटलं होतं, तो समजून घेईल, तिथेही असेल. पहिले दिवस जीभ आपोआप वळायची, मी तिला आवरायचो. आता वळत नाही. रात्री जाग येते तेव्हा मी ऐकत पडतो, आणि पोरी, तिथे कोणी नसतं. मला वाटलं नव्हतं ते इतकं असेल. आणि तो पोरगा तिथे एकटा राहिला, इतकी वर्षं, आणि मी इथे याला त्याची ऐट समजत होतो."

मला त्यांचा राग आला. सांगायला लाज वाटते, पण आला. रात्रभर मी कूस बदलत होते आणि मनात एकच, की मग माझं काय? कळपातली जी राहिली तिचं काय? मी कधी डोळे उघडे ठेवले नाहीत, टेबल सोडलं नाही, लग्नसुद्धा केलं नाही, म्हटलं बाबांचं कोण बघणार. माझ्यासाठी कोण कधी रानात गेलं? गेलेल्याची किंमत, आणि राहिलेली आहेच आपली, भांडी घासायला. हे असं चांगलं धुमसून झाल्यावर मला आठवलं ते बाबांचं घाबरलेलं तोंड, आणि सगळा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाकडे आयुष्यभराची अशी एकच गोष्ट होती. पैसा नाही, स्वतःचं घर नाही, बायको गेलेली. तीच त्याने उचलून दिली, ज्याला दिली त्याला न सांगता, आणि परत मिळेल की नाही हे न बघता. आणि बाहेरच्या जगाला दिसतंय काय, तर म्हातारा बहकला.

दादा कॅन्टीनमध्ये आला तेव्हा नखांत ग्रीस होतं. "काय गं छोटी, आज किती जणांच्या फासळ्या मोजल्यास?" छोटीचे केस पांढरे झालेत, पण त्याला त्याचं काही नाही. मी सगळं सांगितलं, फोटो, पाव, भोंगाकाकू. काकूंच्या नावावर तो हसला, मग हसणं थांबलं. मेंढराचं सांगितलं तेव्हा त्याने कप बाजूला सारला. "मी सांगितलं होतं का त्यांना? मला कशाला हे ओझं? तेव्हा ताट उचलायला लावलं, आता हे. प्रत्येक वेळी त्यांच्या मनात येईल तसंच!" बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, "ओरड, पण माझ्यावर ओरडू नकोस. मी फक्त निरोप आणणारी." तो अंगठ्याने टेबलावरचा चहाचा ओघळ पुसत राहिला, पुसून झाला तरी पुसत राहिला. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "रात्री त्यांना भीती वाटते म्हणालीस?" "हो." "वाटते खरी," तो म्हणाला. "मलाही वाटायची. पहिली काही वर्षं. मग सवय होते. पण त्यांना सवय व्हायला वेळ कुठाय?" आणि माझ्या भावाने, ज्याला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी जेवायला आला. दारात बूट काढताना इतका वेळ लावला की मी आतून म्हटलं, "दोनच पाय आहेत ना तुला?" बाबा आधीच टेबलाशी बसले होते, धुतलेला शर्ट घालून, गळ्याशी बटण लावलेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "आलास," बाबा म्हणाले. "आलो." "जिना दमवतो ना?" "नाही, मला सवय आहे." मला वाटलं, आता हे दोघं जिन्यावरच जेवण उरकणार. मी भात वाढला, अंडी, बटाटे. दादा खुर्ची ओढून बसला आणि तो बसताक्षणी बाबांनी घाईघाईने चमचा भरला. मध्ये प्रार्थनेची रिकामी जागा राहू नये, त्याला अवघड वाटू नये, म्हणून ही घाई. पण अर्धा भात टेबलावर सांडला. दादाने त्यांचं मनगट धरलं. "बाबा, करा प्रार्थना. मी असाच बसतो, डोळे उघडे ठेवून. चालेल?" बाबा म्हणाले, "चालेल. चालायलाच हवं होतं." त्यांनी चमचा ठेवला, हात जुळवले, डोळे मिटले. "हे..." म्हणाले आणि थांबले. मी वाट बघितली. आजारी आले नाहीत, प्रवासी आले नाहीत, कोणीच आलं नाही. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता, आणि शब्द येत नव्हता. "येत नाही रे," बाबा म्हणाले, डोळे मिटूनच. "गेलं ते. तू सांग." "मी काय सांगू बाबा? कोणाला सांगू?" "कोणाला ते राहू दे. जे आहे ते सांग."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच ठाऊक नाही. मग तो बोलायला लागला, समोरच्या ताटाकडे बघत, कामावर कोणाला बिघाड समजावून सांगावा तशा आवाजात. "बाबा जेवायला बसलेत. छोटी बसलीय. मीपण बसलोय. भात आहे, अंडी आहेत. बाबांची छाती दुखते, झोप लागत नाही. त्यांना भीती वाटते. आई नाहीये." इथे त्याचा आवाज बसला. बाबा तसेच बसून होते, हात जुळवलेले, डोळे मिटलेले, शेवटच्या शब्दाची, आमेनची, वाट बघत. तो शब्द म्हणेपर्यंत आमच्याकडे कोणी डोळे उघडत नाही. दादाचे ओठ उघडले आणि मिटले. त्याला तो म्हणता येत नव्हता. खोटं बोलता आलं असतं तर तो तेव्हाच डोळे मिटून मोकळा झाला असता. मला म्हणता आला असता, अगदी जिभेवर होता. पण मी म्हटला असता तर ती माझी प्रार्थना झाली असती आणि दादा पुन्हा ओट्यापाशी. मी ओठ आवळून धरले, आणि माझ्यासारखीला ते किती जड जातं ते मलाच माहीत. भात निवत होता. बाहेर कोणीतरी जिना उतरून गेलं. दादा पुढे वाकला, बाबांच्या जुळवलेल्या हातांवर त्याने आपला तो ग्रीसचा हात ठेवला आणि म्हणाला, "जेवा बाबा."

बाबांनी डोळे उघडले. कुठून तरी लांबून आल्यासारखे दादाकडे बघत राहिले. "हं," म्हणाले. पण त्यांनी स्वतःचं ताट ओढलं नाही. भाताचं पातेलं जवळ घेतलं, पळी दोन्ही हातांनी धरली आणि दादाच्या ताटात वाढायला लागले. एक पळी, मग आणखी एक. भात बटाट्यांवर चढला, ताटाच्या काठावर आला, टेबलावर पडायला लागला. बाबांना दम लागत होता, मी हात पुढे केला तर त्यांनी कोपराने बाजूला केला. ते थांबून त्याच्या तोंडाकडे बघायचे, पुरे म्हणतोय का म्हणून, आणि पुन्हा पळी भरायचे. दादाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो पुरे म्हणत नव्हता.